मुलींना फी माफ, मग कॉलेजच्या चिठ्ठीवर ४१,५०० कसले?

गॅरेजवाला_भाऊ

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितोय, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला ८९ पर्सेंटाइल. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पुण्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला. आम्ही बीड जिल्ह्यातले, ओबीसी. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गाडी येते आणि मग पाडव्यापर्यंत घराला कुलूप. मी आयटीआय करून तालुक्याच्या गावी टू-व्हीलरच्या गॅरेजात आहे, महिना ११,००० पगार. आमच्या भावकीत इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच, पोरं-पोरी दोन्ही धरून.

मुलींची फी सरकारनं माफ केली असं ऐकून होतो. त्या भरवशावर तिनं फॉर्म भरला. सीट ॲक्सेप्टन्सचे १,००० भरले आणि परवा रात्रीच्या एसटीनं दोघं पुण्याला गेलो. कॉलेज मोठं आहे, आत शिरायलाच कसंतरी वाटत होतं. काउंटरवरच्या मॅडमनी एका चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. त्यावर सही नाही, शिक्का नाही. आहेत तसे उतरवतो:

विकास शुल्क ११,२००
अनामत ५,०००
विद्यार्थी सुविधा ८,३००
गणवेश व किट ६,०००
शिष्यवृत्ती हमी ११,०००
एकूण ४१,५००

हमी म्हणजे काय असं विचारलं तर म्हणाल्या, सरकारचे पैसे आले की परत देतो, सगळेच भरतात. मागं रांग होती. बहिणीनं माझ्या शर्टाची बाही ओढली, चल म्हणाली. ती अशी कधी चल म्हणत नाही.

हॉस्टेल वेगळंच. कॉलेजचं मेससकट वर्षाला ९२,०००. ते ऐकून आम्ही बाहेर येऊन बसस्टॉपवर बसलो, बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

आता खरी अडचण सांगतो. वडिलांनी मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, यंदाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली आहे. मुकादम म्हणतो, आणखी ५०,००० देतो, पण पोरगा अर्धा कोयता (एकटा तोडणारा) म्हणून येऊ दे. म्हणजे मी गॅरेज सोडून सहा महिने फडात. वडील काहीच बोलत नाहीत, आई म्हणते घेऊन टाक, पोरीचं वर्ष जाईल. ॲडमिशन कन्फर्म करायला पाच दिवस आहेत.

विचारायचं एवढंच, की फी माफ आहे तर हे पैसे कसले, यातले कोणते भरावेच लागतात, आणि पुण्यात राहायचं कसं? उचल घ्यावी का तेही सांगा. ज्यांनी स्वतः असं निभावलंय त्यांनी सांगितलं तर बरं होईल.

पिंपरीचा_पाहुणा

भाऊ, उचल अजिबात घेऊ नका, त्यापेक्षा शैक्षणिक कर्ज घ्या. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. ७.५ लाखांपर्यंत बँकेला तारण मागता येत नाही. घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल आणि कोर्स नॅक किंवा एनबीए मानांकित असेल तर शिकत असतानाचं आणि त्यापुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. मी असंच शिकलो, आता हप्ते संपत आलेत.

मात्र पाच दिवसांत कर्ज होणार नाही. मला मॅनेजरसाहेबांनी सात वेळा 'उद्या या' सांगितलं होतं. नुसतं तोंडी विचारून परत येऊ नका. पोर्टलवर अर्ज टाकला की नंबर मिळतो, मग नाही म्हणायचं असेल तर त्यांना कारण लिहावं लागतं.

खिडकी_नंबर_३

मी एका कॉलेजच्या ऑफिसात २६ वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. खिडकीवर ३ नंबर होता, म्हणून हे नाव. आम्ही शिष्यवृत्तीच्या याद्या टाईप करून समाजकल्याणला नेऊन द्यायचो तेव्हापासून ते आताच्या ऑनलाइन महाडीबीटी पोर्टलपर्यंत सगळं बघितलं. काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस आहे मी, त्यामुळे तुमची चिठ्ठी मला चांगलीच वाचता येते.

आधी माफी कशाची ते समजून घ्या. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के. आधी ते ५० टक्के होतं. प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही, आणि खासगी विद्यापीठांत नाही. तुमच्या बहिणीचा प्रवेश कॅपमधून आहे, त्यामुळे ती यात बसते. पेपरात 'मुलींना मोफत शिक्षण' असं छापून आलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ खिशात हात न घालता इंजिनिअर असा घेतला. निर्णयात दोन शुल्कांची नावं आहेत. बाकीचं त्यात नाही.

आता चिठ्ठी घेऊ.

विकास शुल्क ११,२०० हे खरं आहे. ते शिक्षण शुल्काबाहेर असतं आणि भरावं लागतं. पण आकडा बरोबर आहे का हे बघता येतं. कोणत्या कॉलेजनं शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती घ्यायचं हे राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि कॉलेजवार आकडे त्यांच्या वेबसाइटवर असतात. मोबाइलवर उघडा, कॉलेजचा कोड टाका, स्क्रीनशॉट काढा. काउंटरवर तो स्क्रीनशॉट हातात असला की बोलण्याचा सूर बदलतो. माझाही बदलायचा, खोटं कशाला सांगू.

अनामत ५,००० ठीक. शेवटी परत मिळते. पावती चार वर्षं जपा, ती हरवली की मग अर्ज, हमीपत्र, आणि पोरगी नोकरीला लागलेली असते म्हणून कोणी मागायलाच जात नाही.

'विद्यार्थी सुविधा' ८,३०० म्हणजे काय हे त्यांनाच विचारा. भांडू नका. एवढंच म्हणा, "मॅडम, याची पावती कोणत्या नावानं मिळेल?" ज्या रकमेला पावतीवर नाव देता येत नाही ती बऱ्याचदा कमी होते. विमा, ओळखपत्र, विद्यापीठाची नोंदणी अशा किरकोळ खऱ्या गोष्टीही त्यात असतील, त्या भरा.

गणवेश बाहेरून शिवून चालेल का विचारा. किट म्हणजे ड्राफ्टर, एप्रन, जर्नल. मागच्या वर्षीच्या पोरांकडे ते कपाटावर धूळ खात पडलेलं असतं.

आणि शिष्यवृत्ती हमी ११,०००. हे देऊ नका. पात्र विद्यार्थिनीकडून माफ असलेलं शिक्षण शुल्क प्रवेशाच्या वेळी मागायचं नाही हे कॉलेजांना शासनानं बजावलेलं आहे. हमी, डिपॉझिट, ॲडव्हान्स, नाव काहीही द्या, ते तेच शुल्क आहे. कॉलेजची भीती मला कळते. सरकारकडून प्रतिपूर्ती उशिरा येते, कधी पुढच्या वर्षात येते, तोवर पगार कुठून करायचे. तो कॉलेजचा आणि सरकारचा हिशोब आहे. तुमच्या अकरा हजारांतून तो चुकता व्हायचं कारण नाही. प्राचार्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा: बहिणीचा कॅपचा प्रवेश क्रमांक, प्रवर्ग, शासन निर्णयाची तारीख, आणि 'शिक्षण शुल्काची हमी रक्कम भरण्यास सांगितले आहे, कृपया लेखी कळवावे.' दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का घ्या. बहुतेक वेळा शिक्का मारायची वेळ आली की आतून कोणीतरी येतं आणि राहू द्या म्हणतं. नाहीच ऐकलं तर तंत्रशिक्षणचं विभागीय कार्यालय पुण्यातच आहे, तीच प्रत तिथं द्या.

म्हणजे आज हातात हवेत ते ११,२०० आणि ५,०००, धरा १६,२००. सुविधावाल्यातले थोडे. विकास शुल्काचे दोन हप्ते मागा, लेखी.

आता तुम्ही न विचारलेलं. कागद झालेत का? जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. तिन्हीतला एक नसला तर वर लिहिलेलं सगळं फुकट. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, आणि तो ३१ मार्चलाच संपतो. तुमच्याकडे तर आणखी एक अडचण आहे. आईवडील दिवाळीनंतर गावात नसतात, त्यामुळे तलाठ्याकडच्या चौकशीला किंवा कशावर सही लागली तर माणूस सापडत नाही. जे काय त्यांच्या सहीचं आहे ते गाडी यायच्या आत करून घ्या. ऊसतोडीवाल्यांची पोरं माझ्या खिडकीवर डिसेंबरात रडायची ती याच कारणानं. फी माफ होती, सही नव्हती.

दुसरं, बहिणीचं आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते बघा. पासबुक कोणतंही दाखवा, थेट लाभाचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. आमच्याकडे एका मुलीचे पैसे दोन वर्षं 'जमा' दाखवत होते आणि तिला मिळत नव्हते. शेवटी कळलं, गावाकडच्या शाळेत असताना कोणीतरी झिरो बॅलन्सचं खातं काढलं होतं, त्याचं पासबुकही घरात नव्हतं. पैसे तिथं बिनबोभाट साठत होते.

राहण्याचं. तुमच्यासारख्या मुलींसाठी दोन वाटा आहेत, त्या क्रमानंच घ्या. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची शासकीय वसतिगृहं, प्रत्येक जिल्ह्याला मुलींचं एक आणि मुलांचं एक, अशी ७२. तिथं अर्ज करा. जागा थोड्या असतात. नाही मिळालं तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्याला जेवण, भाडं आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,०००. यात उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे, ८ नव्हे, आणि जिल्ह्याला ६०० विद्यार्थी असा कोटा आहे, गुणवत्तेनं. ज्या शहरात कॉलेज तिथली रहिवासी नसली पाहिजे, तो प्रश्न तुम्हाला नाही. खोलीचा भाडेकरार लागेल, म्हणून खोली घेताना मालकाला आधीच विचारा करार करून देणार का. पुण्यातले कितीतरी मालक करार म्हटलं की खोलीच नाही म्हणतात.

पण हे ६०,००० जुलैत मिळणार नाहीत. वर्ष सरता सरता आले तर नशीब समजा. माझ्या खिडकीवर सगळे विचारायचे 'साहेब, किती मिळतील?' कधी मिळतील हे कोणी विचारत नसे. एक पोरगा आठवतो. मेकॅनिकलचा, वर्गात तिसरा-चौथा. फी पूर्ण माफ. फेब्रुवारीत मेसचे तीन महिने थकले, मेसवाल्यानं ताट बंद केलं, पोरगा न सांगता गावी गेला तो परत आलाच नाही. त्याची शिष्यवृत्ती मे महिन्यात जमा झाली. मी स्वतः फोन लावला होता, नंबर बंद.

तुमचा हिशोब म्हणून असा करा. ऑगस्ट ते मार्च, आठ महिने, महिन्याला किती लागणार आणि ते तुमच्या पगारातून निघतात का. योजनेचे पैसे आले तर ते पुढच्या वर्षाचे समजा. उचलीबद्दल मी काय सांगावं, तुमच्या घरातली गोष्ट. पण ५०,००० साठी तुमचा सहा महिन्यांचा पगार, म्हणजे ६६,००० बंद होतोय, एवढं गणित मात्र मांडून बघा. शिवाय उचल फेडायचीच आहे.

गॅरेजवाला_भाऊ

काका, वाचून दाखवलं घरी. वडिलांनी दोनदा वाचायला लावलं. ६६,००० चं गणित कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, ५०,००० एकदम हातात दिसत होते ना.

जात वैधता झाली आहे, तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या सरांनी अकरावीतच सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले होते. त्या सरांना आता फोन करणार आहे. नॉन-क्रिमिलेअर आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र जुना निघाला, उद्या सेतूत जातो.

एक सांगा, प्रगती म्हणून मुलींना ५०,००० मिळतात असं गॅरेजवर एका गिऱ्हाइकानं सांगितलं. ते पण भरू का?

खिडकी_नंबर_३

एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती. खरी आहे, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही नाही, अशी अट तिच्यात असते. दोन्हीकडे अर्ज भरून ठेवायचा आणि जे आधी येईल ते घ्यायचं, असं पोरं करतात आणि मग दोन्हीकडे अडकतात. तिचं शिक्षण शुल्क वर्षाचं किती आहे ते बघा. ते ५०,००० च्या वर असेल तर राज्याची सवलतच धरून बसा.

सरांना फोन जरूर करा. अकरावीत वैधतेचे फॉर्म भरून घेणारा मास्तर आता दुर्मीळ.

सातवी_खाट

भाऊ, काकांनी कागदांचं सांगितलं, मी राहण्या-खाण्याचं सांगते. मी सातारा जिल्ह्यातली, पुण्यात चार वर्षं काढली, आता नोकरीला आहे. आमचे आजोबा रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, आणि पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, हे आमच्याकडे लहानपणापासून इतकं ऐकवलं जायचं की मला कंटाळा यायचा. पुण्यात पहिल्या महिन्याच्या शेवटी बटव्यात ४० रुपये राहिले तेव्हा ती गोष्ट आठवली.

पहिलं वर्ष मी कॉट बेसिसवर काढलं. एका हॉलमध्ये सहा खाटा लागायच्या, माझी सातवी गॅलरीच्या दाराशी, म्हणून भाडं ४०० नं कमी. पावसाळ्यात पायाशी ओल यायची. एवढं सोडलं तर तक्रार नव्हती. कॉलेजचं हॉस्टेल घेऊच नका. कॉलेजपासून चालत जाता येईल अशी खाट बघा, बसचे पैसे आणि रोजचे दीड-दोन तास वाचतात, ते तास पुढं कामाला येतात.

जेवण: दोन वेळचा डबा लावू नका. एक वेळचा लावा आणि त्यात तीनऐवजी पाच पोळ्या घ्या, रात्रीला दोन ठेवायच्या. घरून शेंगदाण्याची चटणी, भाजलेले शेंगदाणे, गूळ. तुमच्याकडं तर गूळ चांगलाच मिळत असेल. हसू नका, परीक्षेच्या दिवसांत त्यावरच भागलंय.

पहिल्याच आठवड्यात तिला कॉलेजात 'कमवा आणि शिका'ची चौकशी करायला सांगा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं ही योजना आहे, संलग्न कॉलेजांत चालते. तासावर पैसे मिळतात. मी लायब्ररीत पुस्तकांना लेबलं चिकटवायची, दोन तास. रक्कम फार नाही, माझा डबा निघायचा. आणि दुसरा फायदा कोणी सांगत नाही: लायब्ररीत काम करणाऱ्या पोरीला पुस्तक कधीच 'बाहेर गेलंय' असं ऐकावं लागत नाही.

दुसऱ्या वर्षी मला विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात जागा मिळाली. १९५५ पासूनची संस्था आहे, खेड्यातून आलेल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुला-मुलींसाठीच. अर्ज असतो, मुलाखत असते. मुलाखतीत घरची परिस्थिती विचारतात तेव्हा लाजायचं नाही आणि वाढवूनही सांगायचं नाही. तिनं ऊसतोडीचं सांगताना मान खाली घालू नये, एवढं तुम्ही तिला सांगा. मी पहिल्या वर्षी अर्जच केला नव्हता, आपल्याला कशाला मिळतंय म्हणून. ती चूक तिनं करू नये.

लॅपटॉपबद्दल पहिल्याच दिवशी सगळे विचारतील. पहिल्या वर्षाला लागत नाही. मी लॅबमध्ये बसायची, लॅब असिस्टंट काका सहा वाजता दिवे बंद करायला यायचे तेव्हा उठायची. ईएमआयवर घेऊन बसू नका. दुसऱ्या वर्षी पास होऊन जाणाऱ्या सीनिअरकडून जुना घ्यावा.

आणि एक, तुमच्याशी बोलताना अवघड वाटतंय पण लिहिते. महिन्याचे पैसे तिच्या हातात द्या, ठरलेल्या तारखेला, मागायची वेळ आणू नका. मी दादाकडे पैसे मागायला लाजायची आणि दोन-दोन दिवस चहा-बिस्किटावर काढायची. दादाला आजही माहीत नाही.

शेतकऱ्याचा_नातू

मध्येच विचारतो, माफ करा. मी मुलगा, ओपन, अडीच एकर कोरडवाहू, यंदा बारावीला आहे. पुढच्या वर्षी माझं काय? मुलींचंच सगळं दिसतंय.

खिडकी_नंबर_३

मुलींचंच नाही, पण मुलांना निम्मंच आहे हे खरं. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न ८ लाखांच्या आत, शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. कॅपचाच प्रवेश हवा. राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी. तुमचं अडीच एकर त्यात बसतं, तलाठ्याकडून अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवा.

पण तुमच्या हातात अजून वर्ष आहे, तर एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. प्रत्येक कोर्सला मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात, त्यात शिक्षण शुल्क पूर्ण माफ, जातीची अट नाही, फक्त उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि मार्क. ऑप्शन फॉर्म भरताना त्या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी. पोरं एकतर तो कोड टाकतच नाहीत, किंवा खाली कुठेतरी टाकतात, आणि मग वरच्या पसंतीला पूर्ण फीची जागा लागते. प्रवेश झाल्यावर ही सवलत मागता येत नाही. माझ्याकडे दरवर्षी दोघे-तिघे यायचे, मार्क असूनसुद्धा. मी काय करणार, फॉर्म लॉक झालेला.

आणि कोणतीही योजना असो, एक वर्ष नापास होऊन त्याच वर्गात पुन्हा बसलात तर त्या वर्षाचं धरून चालू नका. पहिल्या वर्षाचं गणित, एम-१ आणि एम-२, यात गावाकडची पोरं जास्त अडकतात. आतापासून बसा.

पिंपरीचा_पाहुणा

एम-२ चं नाव काढू नका काका. चार प्रयत्न.

गॅरेजवाला_भाऊ

कळवायचं राहिलं होतं. काल जाऊन आलो.

नियामक प्राधिकरणाच्या साइटवर विकास शुल्काचा आकडा चिठ्ठीतल्यापेक्षा ७०० नं कमी निघाला. अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेलो. आवक शिक्का मागितला तसं मॅडम आत गेल्या, मग एक सर बाहेर आले. चांगलं बोलले. हमीचे ११,००० कागदावरून खोडले. विकास शुल्काचे १०,५०० दोन हप्त्यांत, दुसरा दिवाळीनंतर. सुविधावाल्याची पावती कोणत्या नावानं म्हणून विचारलं तर हसले, ३,१०० केलं, विमा आणि विद्यापीठ नोंदणी असं लिहून दिलं. गणवेश बाहेरून चालेल म्हणाले. सगळे मिळून काल १३,३५० भरले. माझ्याकडे ९,००० होते, बाकीचे गॅरेजच्या मालकांनी दिले, पगारातून कापून घेतील. ॲडमिशन कन्फर्म झाली.

खाट मिळाली, कॉलेजपासून पंधरा मिनिटं चालत. मालकीणबाई करार करून द्यायला तयार आहेत, पण खर्च आमचा. ताई, एक वेळचा डबा आणि पाच पोळ्या हे तिला सांगितलं तर म्हणाली चार बास. तारीख पाच ठरवली आहे, दर महिन्याला. तिची भीती जरा गेली आहे, येताना गाडीत तीच बोलत होती आणि मी झोपलो.

मुकादमाला वडिलांनी स्वतःच नाही म्हणून सांगितलं. तो काही बोलला नाही, पुढच्या सालचं बघू म्हणाला.

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतूत टाकला आहे, तलाठी भाऊसाहेब सोमवारी भेटतील. आधारचं बघितलं काका. तुम्ही म्हणालात तेच निघालं. तिच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंनी काढलेलं खातं आहे, शेजारच्या गावच्या शाखेत, आणि ते बंद पडलंय. आईला ती बाई आठवते, खातं आठवत नाही. तिला पुण्याला सोडायच्या आधी सोमवारी तिकडंच जाऊन ते बदलून घेतो. तिथं काय काय कागद मागतील?

खिडकी_नंबर_३

जुन्या शाखेत जायची गरज नाही. जे खातं चालू आहे त्या बँकेत जा, 'आधार या खात्याला जोडायचं आहे, थेट लाभासाठी' असं म्हणा, तिथं संमतीचा फॉर्म मिळतो. बहीण स्वतः पाहिजे, आधारची प्रत आणि पासबुक. फॉर्मवर जुन्या बँकेचं नाव लिहायची जागा असेल तर ते लिहा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव एकच आहे का तेवढं निघायच्या आधी ताडून बघा, वडिलांच्या नावासकट.

गॅरेजवाला_भाऊ

मार्कशीटवर वडिलांचं नाव 'ज्ञानोबा' आहे आणि आधारवर 'ग्यानबा'.

खिडकी_नंबर_३

मग सोमवारी आधी आधार केंद्रात. तिचंच आधार दुरुस्त करा, मार्कशीटला हात लावू नका. मूळ मार्कशीट सोबत ठेवा, आणि लवकर जा, टोकन संपतात.